चुन्याचा गिलावा आणि गवंड्याचा वेळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत घातले, तेव्हा पुष्कळांनी असा तर्क केला असेल की हा गृहस्थ येऊन बोनस, महागाई भत्ता किंवा नव्या कामगार संहिता यांवर तासभर बोलणार. त्यांची निराशा करावी लागत आहे. मी आज भिंतीवर बोलणार आहे, आणि भिंतीवरही नव्हे, तर तिच्या अंगावर जो अर्धा-पाऊण इंच जाडीचा गिलावा असतो त्याच्यावर. माझे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे दिवसा परांचीवर आणि संध्याकाळी वाचनालयात झाले. तेव्हा मी जो इतिहास सांगेन तो थापी धरणाऱ्याच्या बाजूने पाहिलेला इतिहास आहे, हे आरंभीच कबूल करतो.

हा विषय निवडायला कारण आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत पावसाळा संपला की माणसे येतात, पण सगळीच मजुरीच्या तक्रारी घेऊन येत नाहीत. टपाल नाका, लाईन आळी, प्रभू आळी या जुन्या पनवेलच्या भागांत जी थोडी जुनी घरे उभी आहेत, त्यांचे मालक किंवा भाडेकरू येतात. म्हणतात, "अहो, भिंतीला लोणा लागलाय. एखादा चांगला गवंडी द्या." मी विचारतो, गिलावा कधी केला होता? उत्तर ठरलेले असते : "तीन वर्षांपूर्वीच केला हो, चांगला सिमेंटचा!" या "चांगला सिमेंटचा" या दोन शब्दांत एक मोठी गैरसमजूत दडलेली आहे. ती कशी निर्माण झाली आणि तिची किंमत कोण भरतो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. १९८७ साली मी सतरा वर्षांचा बिगारी होतो. एका जुन्या घराच्या भिंतींचा गिलावा काढून नवा करायचे काम आमच्या मुकादमाला मिळाले होते. घर दगडविटांचे, भिंती दोन हात रुंद, गिलावा चुन्याचा. तो कोठे कोठे फुगला होता, बाकी शाबूत होता. आम्ही छिन्नी-हातोडा घेऊन सरसकट सगळा खरवडला आणि एकास चार सिमेंटचा गिलावा थापून दिला. आमच्यात एक वृद्ध मिस्त्री होते. ते मला म्हणाले, "पोरा, भिंतीचं तोंड बांधतोयस. उद्या ती पाठीतून बोलेल." मला ते म्हाताऱ्याचे बोलणे वाटले. तीन पावसाळे गेले आणि त्याच घरी आम्हाला पुन्हा बोलावणे आले. भिंतीवर हात ठेवला तर ती भोपळ्यासारखी पोकळ वाजत होती. थापीचे टोक घालताच सिमेंटचा पापुद्रा ताटाएवढा सुटून आला. त्याच्या मागे कापसासारखे पांढरे मीठ होते, आणि विटांच्या दर्जांतला चुना बोटाने उकरावा असा भुसभुशीत झाला होता. शंभर वर्षे उभी असलेली भिंत आम्ही तीन वर्षांत रोगी केली होती. मालकाने मुकादमाला धरले, मुकादमाने आमची आठवड्याची मजुरी कापली. मिस्त्रींना मात्र कोणी विचारले नाही. सल्ला द्यायला त्यांना नेमलेच कोणी होते?

आता हे असे का झाले ते पाहू. चुनखडीचा दगड किंवा समुद्रातले शिंपले भट्टीत लाल होईपर्यंत भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो. शुद्ध चुनखडी १०० शेर भाजली तर ५६ शेर कळीचा चुना हाती येतो, ४४ शेर वजन वायुरूपाने निघून जाते. ही कळी पाण्यात टाकली की ती उकळते, फुटते आणि लोण्यासारखी मऊ होते. हा विरवलेला चुना वाळूत मिसळून भिंतीला लावला, की तो हवेतला तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. दगडातून निघून दगडात परत जाणारा हा पदार्थ आहे. मात्र या परतीच्या प्रवासाला दिवस नव्हे, आठवडे आणि महिने लागतात. चुन्याचा सारा गुण आणि सारा दोष या एका गोष्टीत आहे. त्याला वेळ लागतो.

कोकणात चुनखडीचे डोंगर नाहीत, पण खाड्या आहेत. त्यामुळे किनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजत. घाटावर चुनखडीचा. हा धंदा करणाऱ्यांत लोणारी समाज प्रमुख होता. त्यांच्यात मीठ लोणारी आणि चुने लोणारी असे भेदच आहेत. विरवलेला चुना घाणीत दळला जाई. गोल चर, त्यात दगडी चाक आणि चाकाला बैल. विटांचा भुगा म्हणजे सुरखी घातली की ओलीतही धरणारा चुना तयार होई. चिकटपणासाठी गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरडा असे पदार्थ गावोगावच्या रीतीप्रमाणे पडत. गच्चीचा चुना बायका ओळीने बसून लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस चोपत. पनवेल हे बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले गाव होते हे आपण अभिमानाने सांगतो. त्या गाड्यांनी घाटावर जाणारा माल वाहिला, हे खरे. पण ज्या दगडी चाकाने वाडे आणि देवळे उभी केली, त्या घाणीच्या चाकाचा अभिमान सांगणारे कोणी भेटत नाही.

ही विद्या आपलीच होती असेही नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने लिहून ठेवले आहे की चांगल्या भिंतीला वाळू-चुन्याचे निदान तीन थर द्यावेत आणि त्यावर संगमरवराच्या भुकटीचे तीन. प्लिनी तर याहून मोठी गोष्ट सांगतो. जुन्या रोमन नियमांत अशी अट होती की तीन वर्षांपेक्षा कमी मुरलेला चुना कंत्राटदाराने वापरू नये. विचार करा, कंत्राटदाराला घाई करायला कायद्याने बंदी! आपल्याकडे वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले. म्हणजे वेरूळच्या गवंड्यालाही ठाऊक होते की भिंतीचा लेप नुसता कठीण असून चालत नाही, तो धरून ठेवणारा आणि लवचीक असावा लागतो.

आता भिंतीकडे वळू. दगडाची भिंत कोरडी असते हा आपला भ्रम आहे. वात जसे तेल वर ओढते तशी भिंत जमिनीतले पाणी जोत्यातून वर ओढते. पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावी त्या पाण्याबरोबर क्षारही चढतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो वेगळाच. जुन्या बांधणाराला हे पाणी अडवता येत नव्हते. म्हणून त्याने त्याला वाट दिली. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. भिंतीतली ओल त्यातून वाफ होऊन निघून जाते, आणि मीठ बाहेरच्या अंगावर येऊन बसते. काही वर्षांनी गिलावा खराब होतो, तो काढून नवा करायचा. गिलाव्याने स्वतः झिजावे आणि भिंतीला वाचवावे, असा तो हिशेब होता. आम्ही ज्याला गिलाव्याचा दोष समजत होतो, ती त्याची चाकरी होती.

सिमेंटचा गिलावा याच्या उलट वागतो. तो घट्ट असल्याने ओलीला बाहेर पडायला पुरेशी वाट मिळत नाही. मग ती ओल वाट शोधत आणखी वर चढते. पूर्वी जोत्याशी असलेला डाग खिडकीपर्यंत येतो. मीठ गिलाव्याच्या मागे खडे धरते, फुगते आणि दर्जा पोकळ करते. शिवाय जुनी भिंत मऊ आणि तिच्यावरचे हे कवच ताठ. उन्हापावसात दोघे सारखे हलत नाहीत, मग केसाएवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाऊस आत जातो, पण बाहेर येत नाही. त्यावर कोणी प्लास्टिकचा रंग दिला, की काम तमाम. "चुना लावणे" म्हणजे फसवणे असा वाक्प्रचार आपण वापरतो. भिंतीच्या बाबतीत तो उलटा आहे. चुना लावला त्याने भिंतीशी इमान राखले.

मग सिमेंट आले कसे आणि जिंकले कसे? इंग्लंडात १८२४ साली जोसेफ ॲस्पडिन याने त्याचा हक्क नोंदवला. पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते म्हणून पोर्टलंड सिमेंट हे नाव. हिंदुस्थानात १९०४ साली मद्रासला एक प्रयत्न झाला, तो टिकला नाही. पोरबंदरला १९१४ साली उत्पादन सुरू झाले आणि ते चालले. १९३६ साली दहा कंपन्या एकत्र येऊन मुंबईत ए.सी.सी. उभी राहिली. तरी सिमेंट लगेच सर्वांच्या हाती आले नाही. दुसऱ्या महायुद्धापासून त्याच्या वाटपावर सरकारचा ताबा आला आणि पुढे कित्येक वर्षे घराच्या दुरुस्तीला दहा पोती हवी असली तरी परमिट लागे. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ च्या आरंभी आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, हे येथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. जी वस्तू परमिटवर मिळते ती उत्तमच असली पाहिजे, असा माणसाचा स्वभाव आहे. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले, १९८९ साली पूर्ण उठले, आणि इतकी वर्षे दाबून धरलेली हौस जुन्या भिंतींवर तुटून पडली.

सिमेंटला मी शिव्या देणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्यात पाणी भरून मातीच्या भिंतींचे वाडे खाली बसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे आठ हजार माणसे मेली. ज्याने आपली माणसे अशा ढिगातून काढली त्याने सिमेंटवर विश्वास ठेवला, तर त्याला मागासलेला कोण म्हणेल? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे आमच्या शिवाराशेजारी अख्खे नवे शहर उठले, ते चुन्याच्या घाणीवर उठणे शक्य नव्हते. काँक्रीटच्या घराला सिमेंटचाच गिलावा शोभतो. माझे म्हणणे इतकेच की जी भिंत चुन्याने बांधली, तिला चुन्याचाच गिलावा लागतो.

येथपर्यंत पदार्थांचा इतिहास झाला. आता माणसांचा. चुन्याकडून सिमेंटकडे जाताना आपण खरे वाचवले काय, तर वेळ. चुना आधी काही आठवडे मुरवायचा, दळायचा, एक थर द्यायचा, थांबायचे, पाणी मारायचे, दुसरा थर, पुन्हा थांबायचे, शेवटी चाळलेल्या चुन्याचा नीरू घोटून घोटून आरशासारखा करायचा. सिमेंटचे पोते फोडले की आज गिलावा, उद्या पाणी, आठवड्याने रंग. पण हा वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? गवंड्याच्या नव्हे. पूर्वी एका घरावर दोन महिने जाणारा माणूस आता दोन महिन्यांत आठ घरे करतो, आणि मधल्या दिवसांत पहाटे नाक्यावर उभा राहतो. लोणाऱ्याची भट्टी विझली, घाणीचा बैल गेला, चोपणाऱ्या बायकांच्या हातून थापी जाऊन डोक्यावर घमेले आले. ज्या कामात त्यांचे कसब होते ते गेले, ओझे तेवढे राहिले.

जुने दिवस सोन्याचे होते, असे माझ्या तोंडून कोणी ऐकू नये. कळीच्या चुन्याने हात फुटत, डोळे जात. भट्टीवर काम करणाऱ्याची छाती कोण तपासत होता? महात्मा फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, म्हणून त्यांना हे जग आतून ठाऊक होते. १८७३ च्या "गुलामगिरी"त त्यांनी इंजिनिअर खात्यावर एक पवाडा जोडला आहे, तो आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा. सिमेंटने जुने हाल संपवले नाहीत, त्यांची जागा बदलली. ओल्या सिमेंटने हाताची कातडी सोलते, आणि कोरडी भिंत खरवडताना उडणारी दगडवाळूची धूळ फुप्फुसात बसते, ती पुन्हा निघत नाही.

१९९६ साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदे केले. बांधकाम-खर्चावर १ टक्का उपकर घ्यावा आणि त्यातून कामगारांचे कल्याण करावे, अशी त्यांतली योजना होती. महाराष्ट्रात त्यासाठी मंडळ उभे राहिले ते २०११ साली. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवसांचे काम दाखवावे लागे. पण स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम या व्यवस्थेबाहेर ठेवलेले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे कायदे नव्या संहितांत विलीन झाले आणि ही सूट ५० लाखांपर्यंत गेली. दहापेक्षा कमी कामगारांचे कामही बाहेरच. म्हणजे जुन्या घराचा गिलावा करणारी आमची दोन-तीन माणसांची टोळी कायद्याच्या नजरेला दिसतच नाही. मनोरा बांधणारा कामगार निदान कागदावर आहे. आजोबांची भिंत वाचवणारा कागदावरही नाही.

दुसरीकडे पाहा. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांत आपल्या जिल्ह्याचे रायगड आणि खांदेरी आहेत. आनंदाची गोष्ट आहे. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत जाणते लोक आता पुन्हा चुनाच मागतात आणि चुना जाणणाऱ्या गवंड्याचा शोध घेत फिरतात. पण ती विद्या किल्ल्यावर आकाशातून उतरत नाही. ती गावातल्या साध्या घरांच्या ओटी-पडवीवर हात बसवून शिकली जात होती. ती घरे सिमेंटने झाकली, तेव्हा शिकण्याची शाळाही झाकली गेली. मघाशी ज्या मिस्त्रींची गोष्ट सांगितली, त्यांच्याकडून मी नीरू घोटायला शिकायचे ठरवले तोपर्यंत त्यांचे डोळे गेले होते. मी शिकलो तो अर्धामुर्धाच.

कोणी विचारील, मग करावे काय? व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर उपयोगी पडेल एवढे सांगतो. भिंतीला ओल आली तर आधी गवंडी बोलावू नका, आधी घराभोवती फिरा. कौले फुटली आहेत का, पन्हळ गळते आहे का, भिंतीला टेकून माती चढली आहे का, ते पाहा. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो आणि जुन्या घराचे जोते खाली जाते. असे असेल तर गिलावा सोन्याचा केला तरी पडणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे गाढीचे पाणी गावात शिरले. त्यानंतर घाईघाईने, भिंती वाळायच्या आत, ज्यांनी सिमेंट थापले त्यांनी ते पाणी आत कोंडून ठेवले.

सिमेंटचा जुना गिलावा काढायचा तर यंत्राने नव्हे, छिन्नीने आणि पाणी शिंपडत काढावा. काढणाऱ्याच्या तोंडाला चांगला मास्क आणि डोळ्याला चष्मा असावा, आणि तो मालकाने आणून द्यावा. मग भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्यावी. मीठ झाडून काढावे, दर्जा चुन्याने भराव्यात, आणि पातळ थर देऊन प्रत्येक थराला त्याचा वेळ द्यावा. ऐन पावसात हे काम करू नये, तसेच वैशाखाच्या उन्हातही करू नये, कारण चुन्याला ओलसर सावली लागते. वरून चुन्याचीच सफेदी. चुन्याचा गिलावा जेथे शाबूत आहे तेथे तो राहू द्यावा, सरसकट खरवडू नये. भिंत झुकली असेल किंवा तडा मोठा असेल, तर मात्र आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवावे. तेथे गिलाव्याने लपवाछपवी करणे हा गुन्हा आहे.

हे सगळे महाग पडते, असे आपण म्हणाल. खरे आहे. मालक म्हणतो, भाड्यात परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, घर माझे नाही. दोघांचेही काही खोटे नाही. पण हिशेब पुरता मांडावा. तीन वर्षांनी पडणारा गिलावा तीनदा केला, त्याचे पैसे आपण दिले आणि भिंतही गमावली. चुन्यात जो जास्तीचा पैसा जातो तो पोत्याला जात नाही, तो माणसाच्या दिवसांना जातो. गवंड्याला पंधरा दिवसांऐवजी चाळीस दिवसांचे काम मिळते, त्याच्या हाताखाली एखादे पोर शिकते, आणि भिंत पुढच्या पिढीला मिळते. कामगारांच्या सभेत मी कामाचे तास कमी करा म्हणून भांडतो. येथे मी कामाला वेळ द्या म्हणून विनवतो. या दोन मागण्यांत विरोध नाही. माणसाला आणि भिंतीला घाईने मारू नका, एवढीच ती मागणी आहे.

म्हणून शेवटी एक विनंती. यंदा पावसाळ्यानंतर आपल्यापैकी कोणाच्या घरी गिलाव्याचे काम निघेल. तेव्हा टोळीत जो सर्वांत म्हातारा असेल, त्याला चहाचा पेला देऊन विचारा, "मिस्त्री, तुमच्या मते या भिंतीला काय लावावं?" तो सांगेल ते ऐका, त्याच्या त्या सल्ल्याचीही मजुरी द्या, आणि त्याने काम केलेल्या दिवसांचा कागद त्याच्या हातात सही करून द्या. १९८७ साली हे कोणी केले असते, तर एक भिंत वाचली असती आणि मी एक विद्या पुरती शिकलो असतो.